सर्जन वडिलांवर स्मृतिलेख लिहिताना कोणाला काय विचारावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील जनरल सर्जन होते, जवळजवळ चार दशकं शस्त्रक्रिया करत राहिले, गेल्या वर्षी गेले. मुलीला त्यांच्यावर मोठा लेख लिहायचा आहे. घरी ते हॉस्पिटलबद्दल बोलत नसत. सहकाऱ्यांना विचारलं की ‘देवमाणूस’, ‘हातात जादू होती’ एवढंच हाती लागतं. घरच्या आठवणी लिहायला बसावं तर बऱ्याच आठवणींत ते हजरच नसतात. अशा माणसाला निष्ठावान सर्जनही म्हणायचं आणि कुटुंबवत्सलही, तर ते खरं वाटेल असं कसं लिहायचं?

मी भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. ऑपरेशन टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला, पडद्याआड आमचं आयुष्य जातं. तिथून सर्जन जेवढा उघडा दिसतो तेवढा तो घरच्यांनाही दिसत नसेल. शिवाय आमच्या संघटनेच्या वार्तापत्रातलं दिवंगत सहकाऱ्यांचं पान बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्यामुळे असे लेख मी खूप वाचले, सुधारले, काही नव्याने लिहून घेतले. त्यातले बरेचसे इतके सारखे असायचे की नाव बदललं तर एकाचा लेख दुसऱ्याला चालून गेला असता.

माझं मत आधीच सांगून टाकते. सर्जन त्याच्या ऑपरेशनांच्या आकड्यात सापडत नाही, तो निर्णयांत सापडतो. केव्हा पोट उघडलं, केव्हा उघडायला नकार दिला, केव्हा मध्येच हात आवरता घेतला, आणि टाके घालून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा वॉर्डात आला का. घरातला माणूसही याच निर्णयांच्या पलीकडच्या टोकाला उभा असतो. त्याच्या रात्री, त्याची चिडचिड, त्याची अबोल जेवणं कोणत्या तरी पेशंटला बांधलेली असतात. लेखात हे दोन धागे वेगवेगळ्या प्रकरणांत टाकलेत की दोन्ही निर्जीव होतात.

‘ते घरी काही बोलत नसत’ असं तुम्ही म्हणता. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. फोनवर बोलत असतील की! सर्जनच्या घरातल्या मुलांनी त्या संभाषणाची एकच बाजू हजारदा ऐकलेली असते. ‘नाडी किती? पोट मऊ आहे का? लघवी किती झाली? ड्रेनमध्ये काय येतंय, रंग कसा आहे? बरं, येतो.’ ही वाक्यं आठवा आणि तशीच उतरवून काढा. (ड्रेन म्हणजे पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी.) ती शुष्क चौकशी नव्हती. लघवी तासाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर तरी व्हायला हवी. त्याहून कमी होऊ लागली तर शरीरात रक्त किंवा पाणी कमी पडतंय अशी शंका येते. नाडी १२० वर गेली आणि पोट कडक झालं तर आत रक्तस्राव किंवा जंतुदोष असू शकतो. म्हणजे ताटावरून उठून त्यांनी विचारलेल्या चार प्रश्नांत रात्री पुन्हा पोट उघडायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हा निर्णय चाललेला असायचा. आज एखाद्या सर्जनला सोबत बसवून ती वाक्यं वाचून दाखवा. लहानपणी नुसता आवाज म्हणून ऐकलेल्या गोष्टीचा अर्थ उलगडेल, आणि लेखातला सगळ्यात जिवंत परिच्छेद बहुधा तिथेच मिळेल.

दुसरं एक घरगुती कोडं असंच सुटतं. काही आठवडे बाबा तुटक वागायचे आणि मग अचानक एके दिवशी मोकळे व्हायचे, असं सर्जनच्या घरची बरीच मंडळी सांगतात. आतड्याचा भाग काढून दोन टोकं जोडली की तो जोड सुटण्याची भीती पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त नसते. धोका साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास डोकं वर काढतो, कधी त्याही नंतर. पेशंट बरा दिसत असतो, खायला मागत असतो, नातेवाईक खूश असतात, आणि नेमका तेव्हाच सर्जन नाडीचा तक्ता दोनदा वाचत असतो. किंचित ताप, थोडी वाढलेली नाडी, ‘आज बरं वाटत नाही’ एवढी एक तक्रार. तो आठवडा निघून गेला की सर्जन पुन्हा माणसांत येतो. हे मी कित्येकांच्या बाबतीत पाहिलं आहे. तुमच्या आईंना विचारा, त्यांना कारण माहीत नसलं तरी हा आठवडा ओळखू येत असणार.

आता हॉस्पिटलकडचं. ‘सर कसे होते?’ असं विचारू नका. या प्रश्नाला सभ्य माणूस एकच उत्तर देतो. प्रसंगाला धरून विचारा, आणि योग्य माणसाला विचारा.

ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सिस्टरांना विचारा की रक्त अचानक वाहू लागलं की वडिलांचा आवाज चढायचा की उतरायचा. हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. रक्तस्राव झाला की कच्चा सर्जन घाईघाईने चिमटे लावत सुटतो. पक्का सर्जन बोटाने किंवा पॅकने, म्हणजे कापडाच्या जाड घडीने, दाब देतो आणि थांबतो. त्या थांबण्यात आम्हाला रक्त मागवायला, सलाईन वाढवायला, प्रेशर सावरायला वेळ मिळतो. आणखी एक विचारा: पोट बंद करण्याआधी मॉपची, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्यांची, मोजणी जुळत नसेल तर ते काय करायचे? ‘असेल कुठे तरी कचऱ्यात’ म्हणून टाके घालायला लागणारे असतात, आणि पुन्हा आत हात घालून शोधणारे असतात. सिस्टरच्या तोंडच्या आकड्यावर ज्येष्ठ सर्जन विश्वास ठेवतो की नाही, यात त्याचा अख्खा स्वभाव कळतो.

त्यांच्या भूलतज्ज्ञाला विचारा की ‘आता थांबा’ म्हटल्यावर ते थांबायचे का. हे जरा समजावून सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की मोठा सर्जन म्हणजे काहीही झालं तरी ऑपरेशन पूर्ण करणारा. मोठ्या अपघाताच्या पेशंटमध्ये खूप रक्त गेलं की शरीर थंड पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं आणि रक्त गोठेनासं होतं. या तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत नेतात. अशा वेळी सगळी दुरुस्ती एकाच बैठकीत करायचा हट्ट म्हणजे टेबलावरच माणूस गमावणं. वाहतं रक्त थांबवायचं, फाटलेल्या आतड्यातली घाण पसरू द्यायची नाही, पॅक ठेवून पोट तात्पुरतं झाकायचं, अतिदक्षता विभागात पेशंटला ऊब देऊन सावरायचं आणि एक-दोन दिवसांनी उरलेलं काम करायचं, ही पद्धत १९८० आणि १९९० च्या दशकांत रुजली. त्याआधी शिकलेल्या सर्जनांना ती पचवणं अवघड गेलं. अर्धवट काम सोडून बाहेर येणं त्यांच्या शिकवणुकीत बसत नव्हतं. तुमचे वडील त्या पिढीतले असतील तर त्यांनी हे कधी आणि कसं स्वीकारलं, हे विचारण्यासारखं आहे.

ज्युनियरांना विचारा की पहिलं अपेंडिक्स वडिलांनी कुणाच्या हातात सोडलं आणि तेव्हा स्वतःचे हात कुठे ठेवले. शिकवणारा सर्जन समोर उभा राहून ऊतक ताणून धरतो, म्हणजे शिकणाऱ्याला योग्य थर आपोआप दिसतो. ऑपरेशन अर्धं त्याचंच असतं, पण शिकणाऱ्याला वाटतं आपण केलं. वॉर्डबॉयना आणि ड्रेसिंग करणाऱ्यांना विसरू नका. सर्जनचा सकाळचा राऊंड सगळ्यांना माहीत असतो, संध्याकाळचा एकट्याने मारलेला राऊंड फक्त त्यांनीच पाहिलेला असतो.

आणि एक प्रश्न सगळ्यांना: त्यांनी ऑपरेशन करायला नकार दिल्याचं काही आठवतं का? पसरलेला कॅन्सर, थकलेलं हृदय, नातेवाईकांचा आग्रह, ‘काही तरी करा’ ही विनवणी. अशा वेळी ‘नको’ म्हणणं, खुर्ची ओढून बसून ते का नको हे सांगणं, आणि नंतरही त्या पेशंटला वाऱ्यावर न सोडणं. या कामाचे ना फोटो निघतात ना सत्कार होतात. माझ्या हाताखालून गेलेल्या लेखांपैकी फारच थोड्यांत नकाराची गोष्ट होती, आणि तेच लेख माझ्या लक्षात राहिले.

आकड्यांचा मोह मात्र टाळा. ‘पंचवीस हजार यशस्वी शस्त्रक्रिया’ असं लिहायला छान वाटतं, पण तो आकडा कुणी मोजला आणि यशस्वी कशाला म्हणायचं? बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचं, वर्षभराने त्याला पुन्हा तपासायचं आणि ऑपरेशनचा खरा उपयोग झाला का ते लिहायचं, असा त्याचा आग्रह. १९११ ते १९१६ या काळात त्याच्या छोट्या हॉस्पिटलमधून ३३७ पेशंट घरी गेले. त्यांत आपल्याकडून झालेल्या १२३ चुका त्याने छापून जाहीर केल्या. समव्यावसायिकांना ते मानवलं नाही. १९४० मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या कबरीवर साधी शिळाही नव्हती. सर्जन मंडळींनी ती बसवली २०१४ मध्ये. वडिलांनी जुन्या पेशंटांचा पाठपुरावा करणारी एखादी वही ठेवली असेल, पोस्टकार्डं जपली असतील, तर एकूण बेरजेपेक्षा तिचं मोल जास्त आहे.

त्यांचा काळ मात्र नीट मांडा, कारण चार दशकांत सर्जनच्या पायाखालची जमीन अनेकदा सरकली. शिकायला लागले ते साल धरून पुढे चला. १९७० च्या दशकात जनरल सर्जन म्हटला की पोटातल्या अल्सरचं ऑपरेशन हे त्याचं रोजचं काम होतं: जठराला जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या फांद्या कापायच्या आणि जठराला नवी वाट करून द्यायची. १९७६ मध्ये सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध बाजारात आलं. मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की बहुतेक अल्सरांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. २००५ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तोवर, ज्या ऑपरेशनवर हात बसवण्यात सर्जनांची ऐन उमेदीची वर्षं गेली होती, ते जवळपास संपलं होतं. स्तनाच्या कॅन्सरचंही तसंच. पूर्ण स्तन आणि खालचे स्नायू काढणं हे कित्येक दशकं कर्तव्य मानलं गेलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांनी दाखवलं की लवकर सापडलेल्या आजारात फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुष्य तितकंच मिळतं. मोठं ऑपरेशन उत्तम करता येणाऱ्या माणसाने लहान ऑपरेशनकडे वळणं ही साधी गोष्ट नाही.

आणि मग दुर्बीण. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे याने दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हा त्याच्याच देशातल्या सर्जनांनी नाकं मुरडली. पुढच्या दहा वर्षांत तीच सर्वमान्य पद्धत झाली. मधल्या वयाच्या सर्जनवर काय गुदरलं असेल याची कल्पना करा. आजवर बोटांना ऊतक कळत होतं. आता बोटं बाहेर, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात, चित्र सपाट, आणि पोटाच्या भिंतीतल्या छिद्राभोवती हत्यार फिरत असल्यामुळे मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जातं. पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी व्हायचं, तेही आपल्याच ज्युनियरांसमोर. काहींनी ते केलं. काहींनी ‘हे माझ्याच्याने होणार नाही, तू कर’ म्हणून पेशंट दुसऱ्याकडे सोपवले. माझ्या लेखी दोन्ही सन्मानाचे रस्ते. तुमच्या वडिलांचा कोणता, ते शोधा. त्या काळात घरी रात्री पेटीत हत्यारं घालून साखरेचे खडे उचलण्याचा सराव चालायचा का, खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून गाठी मारणं चालायचं का, हे तुम्हालाच आठवेल.

आणखी एक साल लक्षात ठेवा: २००८. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी तेव्हा आली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी थांबून सगळ्यांनी मोठ्याने खात्री करायची; चीर घेण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. पण वर्षानुवर्षं ज्याच्या नावानेच ओटी चालली, त्याने आपलं नाव सांगायचं? कपाळाला आठ्या घालणारे मी पाहिले आहेत. पहिल्याच दिवशी हसून नाव सांगणारेही पाहिले, आणि त्या दिवसापासून नवशिक्या सिस्टर त्यांना ‘सर, बाजू तपासली का?’ म्हणून बिनधास्त विचारू लागल्या.

मृत्यूंबद्दल लिहावं का, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. लिहावं. चार दशकं काम केलेल्या सर्जनच्या हातून कुणी गेलंच नाही असा लेख कुणालाही खरा वाटणार नाही. पण कोण गेलं हे लिहू नका, ते कसे वागले ते लिहा: नातेवाईकांना सांगायला स्वतः गेले की ज्युनियरला पाठवलं, उभ्याने सांगितलं की बसून, दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत स्वतःहून केस मांडली का. पेशंटची ओळख लपवताना नुसतं नाव गाळून भागत नाही. दुर्मीळ आजार, वर्ष आणि वय एकत्र आले की ओळखणारे ओळखतात. पेशंट किंवा त्याचे घरचे संमती देत असतील तरच तपशील घ्या, नाही तर प्रसंग इतका सैल करा की फक्त तुमच्या वडिलांचं वागणं उरेल. हॉस्पिटलकडे जुनी रजिस्टरं मागायच्या भानगडीत पडू नका. ती तुम्हाला दाखवण्याचा अधिकार त्यांना नसतो.

आता घर. ‘कुटुंबवत्सल’ म्हणायचं असेल तर गैरहजेरीसकट म्हणा. शस्त्रक्रियेच्या इतिहासातली एक कौटुंबिक कथा फार सांगितली जाते. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये विल्यम हॉल्स्टेड या नामवंत सर्जनच्या ओटीतल्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटले, म्हणून त्याने १८८९-९० च्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले आणि १८९० मध्ये त्या दोघांनी लग्न केलं. गोष्ट खरी आहे. पण याच हॉल्स्टेडला आधी कोकेनचं आणि नंतर मॉर्फिनचं व्यसन होतं, आणि त्याच्या सहकाऱ्याने, विल्यम ऑस्लरने, लिहून ठेवलेली त्याबद्दलची नोंद १९६९ मध्ये उजेडात आली. हे कळल्यावर हॉल्स्टेडला कुणी छोटा म्हटलं नाही.  गुळगुळीत केलेलं चित्र फार टिकत नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

म्हणून तुमच्या आईंकडे एक संध्याकाळ फक्त ऐकायला बसा. त्यांनी किती समारंभांना एकटीने जायचं ठरवून टाकलं होतं, पैशाचे आणि शाळेचे निर्णय कुणी घेतले, सुट्टी रद्द झाली की मुलांना कोण समजवायचं. त्यांच्या वेळेवर वडिलांची निष्ठा उभी होती, आणि ते लेखात यायलाच हवं. शक्य असेल तर त्यांच्याच शब्दांत, तुमच्या सारवासारवीशिवाय. दुसरीकडे, ते घरी असायचे तेव्हा कसे असायचे? वेळ कमी असणारी माणसं बहुधा एखादी छोटी गोष्ट घट्ट धरून ठेवतात: रोज मुलांना शाळेत सोडणं, रविवारी बूट स्वतः पॉलिश करणं, रात्री कितीही उशीर झाला तरी मुलांच्या खोलीत डोकावणं. तुमच्याकडे जे असेल तेच घ्या. नसेल तर ‘नव्हतं’ असं लिहा. राग राहिला असेल तर तोही एखाद-दोन वाक्यांत येऊ द्या. सर्जनची मुलं तो वाचून तुम्हाला दुवा देतील.

निवृत्तीचा भाग लोक एका ओळीत उरकतात, तो उरकू नका. हात किंचित कापू लागला, जवळचं धूसर दिसू लागलं, तासन् तास उभं राहणं जमेना, हे आधी कुणाच्या लक्षात आलं? त्यांनी स्वतः सुरी खाली ठेवली की कुणाला सांगावं लागलं? काही जण मोठी ऑपरेशनं सोडतात, मग मधली, शेवटी फक्त ओपीडी ठेवतात. सर्जनच्या आयुष्यातला हा सर्वांत एकाकी निर्णय असतो, आणि पुष्कळदा तो आधी घरातच बोलला गेलेला असतो.

मांडणीचं फार सांगायला नको. जन्म, पदव्या, पदं, पुरस्कार एका चौकटीत वेगळे द्या आणि सालं प्रमाणपत्रांवरून पडताळून घ्या, आठवणीवरून नाही. लेखाची सुरुवात एखाद्या निर्णयापासून करा. कच्चा मसुदा आधी दोन माणसांना वाचायला द्या: तुमच्या आईंना, आणि ज्या सिस्टरने वडिलांसोबत सर्वांत जास्त वर्षं काम केलं तिला. दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत तर एकीची कापून टाकू नका, दोन्ही ठेवा आणि कुणी काय सांगितलं ते लिहा. ओटीतले जुने फोटो छापणार असाल तर टेबलावरच्या पेशंटचा चेहरा, मनगटावरची पट्टी आणि मागच्या फळ्यावरची नावं झाकायला विसरू नका, आणि फोटोत उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव, वॉर्डबॉयचंही, त्यांना विचारून खाली द्या.